पान उलटायची जागा

शिवकुमार निलजकर मूळचे बेळगावकडचे. के. आर. पुरम या कर्नाटकातल्याच उपनगरात दोन खोल्यांत तीस वर्षं त्यांनी पाश्चात्य शास्त्रीय रचना केल्या आणि पोटासाठी व्हायोलिनच्या शिकवण्या घेतल्या. उजवा कान गेला होता, डावा चालला होता. तो जायच्या आत आपली एक रचना चार वादकांनी समोर बसून वाजवलेली ऐकायची, एवढंच उरलं होतं.

तीन वर्षं खपून त्यांनी चौघांची पानं हाताने लिहिली. चौघांचं पान एकाच जागी संपवलं आणि तिथे दोन मात्रा मोकळ्या सोडल्या, कारण पान उलटायला हात रिकामा लागतो.

मुलगी पवित्राने ती कॉम्प्युटरवर चढवली. कॉम्प्युटरने वाजवलेली ती रचना कार्यक्रमाच्या आयोजकांनी ऐकली.

"सर, हा कॉम्प्युटरच छान वाजवतोय की. वादक कशाला? तालमी नकोत, रुसवे नकोत."

"अप्पा, स्वल्प समजून घ्या," पवित्रा म्हणाली. "नाहीतर एवढंही व्हायचं नाही."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले.

सभागृहात मंचावर वादकांच्या खुर्च्यांच्या जागी दोन स्पीकर होते. निलजकर डावा कान पुढे करून बसले. एकही सूर चुकला नाही. दर पानाच्या शेवटी दोन मात्रा शांतता पडत होती, आणि पान कोणीच उलटत नव्हतं.