वेल्डरचा चकचकीत शर्ट

आमच्या मावशीबरोबर कपडे घ्यायला जाणं म्हणजे विकतचं दुखणं. रंग, नक्षी, फॅशन गेलं खड्ड्यात! बाई आधी शर्ट उलटा करते, आतल्या शिवणीतली इवलीशी पट्टी शोधते आणि हातभर लांब धरून वाचते. बाहेरच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘कॉटन फील’ असलं की दुकानदाराची खैर नाही. "फील नको, कॉटन दाखव!"

घरी आल्यावरही सुटका नाहीच. आतल्या कडेच्या कापडाचा एक धागा उपटून ती काडीने पेटवते. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली, तर सुती. वितळून कडक मणी झाला, तर शर्ट आल्या पावली परत. आणि परत द्यायला कोण जाणार? मी!

पण तिला तरी काय बोलणार? तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, वेल्डर. लग्नानंतर तिने हौसेने त्यांना टेरिकॉटचा शर्ट घेतला होता. कामावर एक ठिणगी उडाली आणि बाही वितळून मनगटाला चिकटली. डाग अजून आहे. तेव्हापासून काकांच्या अंगावर फक्त जाड सुती शर्ट, तेही सगळे मातकट.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. मावशी त्यांना घेऊन शर्ट घ्यायला निघाली, पिशव्या धरायला मी होतेच. ती सुती गठ्ठे उपसत बसली आणि इकडे काका मोरपंखी, चकचकीत शर्ट छातीला लावून आरशासमोर उभे!

मावशीने झडप घालून पट्टी वाचली. "शंभर टक्के पॉलिएस्टर! अहो, वेड लागलंय का? ठेवा तो."

"अगं, मला पहिल्यापासून असाच हवा होता."

"आणि ठिणगी उडाली म्हणजे?"

"आता कुठली ठिणगी? संपलं माझं काम."

मावशीने पट्टी पुन्हा एकदा वाचली. मी मनात म्हणत होते, घेऊ दे ना गं बाई, एकदा तरी!

"घाम येईल," ती म्हणाली. "अंगाला चिकटेल."

"चिकटू दे."

तिने शर्ट त्यांच्या अंगात चढवला, खालून वर एकेक बटण लावलं. डोळे भरले होते, आवाज मात्र चढाच.

"घ्या. पण गॅसजवळ फिरकायचं नाही. चहा मी हातात आणून देईन."