खबरदारी म्हणून उल्हास

पोलीस चौकीचे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. समोर घर असलं की पुरे. माझं आहे. शाळेत मी एक दिवस गेले नाही, पण आपलं आपण वाचायला शिकले आणि आता डिचोली तालुक्यातल्या या अर्ध्या गावाचे अर्ज मीच लिहिते. त्यातले निम्मे उल्हासचे!

उल्हास आमचा शेजारी, खनिजाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. धुळीने घरं लाल झाली तेव्हा गाव रस्त्यावर बसला. ट्रक बाजूला लावून हाही बसला. तेवढंच. पण नाव पोलिसांच्या यादीत गेलं. तेव्हापासून मंत्री गावात यायचे असले की फौजदार त्याला चौकीत नेऊन बसवतात, मंत्री गेले की सोडतात.

"गुन्हा काय?" मी फौजदारांना विचारलं.

"गुन्हा नाही आजी, खबरदारी. गुन्हा असता तर कोर्टात न्यावं लागलं असतं!"

*

चांगल्या वागणुकीच्या बाँडसाठी त्याला मामलेदारांपुढे उभं केलं. "रस्त्यावर बसून गावची शांतता बिघडवलीस?"

"सायबा, गावात शांतता त्याच दिवसा आशिल्ली. ट्रक बंद आशिल्ले!"

बाँडची मुदत सहा महिन्यांनी वाढली.

*

धरलेल्या माणसाला कारण सांगायला हवं, हे कलम मी चौकीत बोट ठेवून वाचून दाखवलं. फौजदार म्हणाले, "पुस्तक जुनं. कायदा बदलला." आठवड्याने नवं पुस्तक नेलं.

"आज चष्मा नाही आणला, आजी."

मी माझा काढून दिला!

*

एकदा उल्हास टॉवेल, ब्रश घेऊन आपणहून चौकीत हजर. शिपाई गोंधळला, "अरे, ऑर्डर नाही!"

"येतली. रस्त्याचे खड्डे बुजवतात!"

संध्याकाळी ऑर्डर आली.

*

मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे पत्रिका मंत्र्यांनाही जाते, आणि मंत्री येतातही. उल्हासच्या बायकोने रीत म्हणून पाठवली. मुहूर्त बारा चाळीसचा. अकराला फौजदार मांडवात.

"उल्हास, चल. मंत्री येताहेत."

"माझ्याच दारात?"

"म्हणूनच."

कन्यादानासाठी नेसलेल्या सोवळ्यातच त्याला नेलं. बायकोने तोंडाला पदर लावला. भटजी घड्याळ बघू लागले.

बाराला मंत्री आले, नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो काढले, खुर्चीत ऐसपैस टेकले. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "नवरीचो बापूय खंय?"

फौजदार स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मीच पुढे झाले.

"तुम्ही गेलात की येतो. मुहूर्ताला वीस मिनिटं राहिलीत!"