लोनलीला दॅट लागत नाही

गॅसचा सिलिंडर आला होता. दारातल्या माणसाला "आत ठेवा" म्हणायला गेले आणि घशातून आवाजच निघेना. खाकरले, तेव्हा कुठे निघाला. तो गेल्यावर मी आठवत बसले, याआधी शेवटचं कुणाशी बोलले? आदल्या दिवशी भाजीवालीशी खुणेनंच भागलं होतं. त्याच्या आधीचं आठवेना.

मी गिरगावात राहते, ठाकूरद्वारच्या आतल्या बाजूला, एका वाडीत. मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांना आता कुलपं आहेत. कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी बोरिवलीला, कुणी बिल्डरचं नक्की होईपर्यंत भाड्यानं कुठेतरी. यजमान वारले तेव्हा मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तपासायच्या वह्या, ऑफ तास, स्टाफरूममधली भांडणं, सगळ्यात मिळून दिवस सरायचा. निवृत्त झाले आणि तो दिवस सकाळीच संपायला लागला. मूलबाळ नाही. भाऊ पुण्याला, त्याचा फोन सणासुदीला.

त्या सिलिंडरच्या दिवशी मी एका कागदावर लिहिलं, 'इंग्रजी संभाषण शिकवले जाईल, दुपारी', आणि खालच्या केमिस्टला विचारून त्याच्या काचेला चिकटवलं. वाटलं होतं, कॉल सेंटरच्या मुली येतील, परदेशी जाणारी जोडपी येतील. एकच माणूस आला.

सत्तरी गाठलेला, अंगानं आडवा, पांढरा हाफ शर्ट कडक इस्त्रीचा. मूळचे मालवणकडचे, माझगावच्या गोदीत फिटर म्हणून जन्म काढलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिथल्याच एका चाळीत एकटे राहत होते. बसनं आले होते आणि दोन जिने चढून दम लागला होता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, मला एकच फोन करायचाय. तेवढ्यापुरतं शिकवा."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. फार पूर्वी गोदीत एका जहाजाचं इंजिन बसवायला स्कॉटलंडहून एक इंजिनिअर आला होता. काही महिने राहिला. हे त्याचे हाताखालचे फिटर. दोघांची भाषा म्हणजे विशेषणं. हॉट, टाइट, लूज, गुड, नो गुड. तेवढ्यात इंजिन उभं राहिलं आणि दोस्तीही. साहेब मायदेशी गेला तरी वर्षातून एकदा-दोनदा फोन चालू राहिले. "वाइफ गुड?" "गुड. रेन हेवी?" "हेवी, हेवी." मग दोघंही हसायचे आणि फोन ठेवायचे. आता साहेब गेला होता. त्याच्या मुलीनं कळवलं होतं आणि यांना त्याच्या बायकोशी बोलायचं होतं.

"मला फक्त सॅड येतं," ते म्हणाले. "पण मी सॅड म्हणून गप्प बसलो तर त्या म्हणतील, कशापायी सॅड? माझी कंबर दुखते म्हणून पण मी सॅडच असतो."

बऱ्याच दिवसांनी मी मोठ्यानं हसले.

मग शिकवायला बसलो. मी सांगितलं, इंग्रजीत आपली अवस्था आधी सांगायची आणि मग दॅट लावून कारण झालेली गोष्ट. आय ॲम सॉरी दॅट ही इज गॉन. आय ॲम ग्लॅड दॅट आय न्यू हिम. ते बोटं पसरून ऐकत होते.

"म्हणजे आधी मी, मग माझं दुःख, आणि गेलेला माणूस शेवटी?"

"हो."

"आपल्यात उलटं. तो गेला, याचं वाईट वाटलं. आधी त्याला मान." थोडं थांबून म्हणाले, "त्यांची रीत त्यांना. तुम्ही सांगा."

आठवड्यातून तीनदा यायचे. सॉरी दॅट, ग्लॅड दॅट, शुअर दॅट. खात्री नसेल तर नॉट शुअर व्हेदर. गुणाचं माप सांगायचं असेल तर सो गुड दॅट, इतका चांगला की. ते सगळं गोदीतल्या आवाजात म्हणायचे, घोष इतका मोठा की गॅलरीतली कबुतरं उडायची. चहा झाला की कप स्वतः विसळून पालथा घालायचे. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार हे वार पुन्हा वेगवेगळे ओळखायला लागले. त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसायचे, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

एकदा मी म्हटलं, आता तुमच्या मनानं एक वाक्य करा. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "आय ॲम लोनली दॅट साहेब इज नॉट."

"लोनलीला दॅट लागत नाही," मी म्हणाले. "बिकॉज लावा. नाहीतर सिन्स, नाहीतर व्हेन."

"सॉरीला चालतं, ग्लॅडला चालतं, मग ह्याला नाही? असां कित्याक?"

इतकी वर्षं शिकवलं, पण कुणा मुलानं हे विचारलं नव्हतं. मुलं लोनलीवर वाक्यं करायची ती जंगलातल्या झोपडीची. "तशी पद्धत आहे," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि बिकॉज लावून वाक्य पुन्हा म्हटलं.

ते गेल्यावर मी एका वाटीचं वरण शिजत घातलं आणि तिथेच उभी राहिले. सॉरी आणि ग्लॅड एका गोष्टीला धरून असतात. काय झालं ते सांगितलं की झालं. मी एकटी आहे ते यजमान गेले म्हणून, असं लोक समजतात, पण ते पुरतं खरं नाही. ते गेल्यावरही शाळेत असताना मला असं नव्हतं. दुपारी कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येतो आणि मध्येच बंद होतो, तेव्हा असतं. ताट एकच घेतलं जातं तेव्हा असतं, आणि कधी काहीही न होता असतं. त्याला दॅट कुठे लावणार? हे त्यांना सांगावं असं ठरवलं होतं, पण पुढच्या वेळी ते आले आणि मी सांगितलं नाही. तेही एकटेच राहत होते. त्यांना ठाऊक असणारच.

फोन रविवारी दुपारी करायचा ठरला, म्हणजे तिकडे सकाळ. त्यांच्या मोबाइलवरून तो लागेना, म्हणून माझ्या मोबाइलवरून इंटरनेटनं लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. ते उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

पलीकडून म्हातारा, पातळ आवाज आला. हॅलो?

"मॅडम, माझगाव फिटर स्पीकिंग."

"ओह," ती बाई म्हणाली. "ओह, इट्स यू."

"आय ॲम व्हेरी सॉरी दॅट साहेब..." इथवर नीट आलं. पाठ केलेलं सगळं गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाले, "साहेब गुड मॅन, मॅडम. सो गुड दॅट..."

पुढे काहीच नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ते उभे होते. मला वाक्य पुरं करता आलं असतं. माझ्या ओठांवर तीन-चार तयार होती. मी बोलले नाही.

"येस," शेवटी ती म्हणाली. "ही वॉज." आणि मग सावकाश, "ही वॉज ऑल्वेज सो हॅपी व्हेन यू रँग."

त्यांनी मला डोळ्यांनी विचारलं.

"तुमचा फोन आला की साहेब खूश व्हायचे," मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले आणि रुमालानं डोळे पुसले. "गुड," ते फोनला म्हणाले. "गुड, मॅडम. व्हेरी गुड."

पुढच्या सोमवारी ते मालवणी खाजा घेऊन आले. धाकटी मुलगी कुडाळला असते, ती कधीपासून बोलवत होती. चाळही पाडायची होती. "आता काम झालं," ते म्हणाले. "इथं इंग्रजी कुणाशी बोलू?" फी घेणार नाही म्हटल्यावर वाद घातला, मग हरले. जिन्यापर्यंत मी गेले. खालच्या वळणावरून त्यांनी वर पाहून म्हटलं, "बाई, जपा." केमिस्टच्या काचेवरचा कागद तोवर उन्हानं पांढरा पडला होता. मी तो काढून आणला, नवा लावला नाही.

महिन्याभरानं रविवारी माझा फोन वाजला. त्या बाईंचा होता. त्यांच्याकडे माझाच नंबर उमटला होता.

"आय ॲम अफ्रेड दॅट ही हॅज गॉन टू हिज व्हिलेज," मी म्हणाले. व्याकरण अगदी शुद्ध. जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि जिची ती मायबोली आहे अशा कुणाशी हे माझं पहिलंच बोलणं. त्यांनी विचारलं, तिकडे गरम आहे का. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, इथे घर फार शांत आहे. मी म्हणाले, इथेही. मग त्या म्हणाल्या, "वेल, आय वोन्ट कीप यू."

तुम्हाला अडकवून ठेवत नाही, असा त्याचा अर्थ. अडकवा की, असं म्हणायचं होतं मला. पण तोंडातून निघालं, "थँक यू, मॅडम," आणि फोन बंद झाला.

पुढचे काही रविवार मी वाट पाहिली. मग एकदा मीच लावला. बराच वेळ वाजला आणि एका तरुण बाईनं उचलला. मुलगी असावी. आईला बरं नाही, झोपली आहे, म्हणाली. कोण बोलतंय म्हणून सांगू?

मी कोण? फिटर नव्हे, साहेबाची मैत्रीण नव्हे. "द टीचर," मी म्हणाले, "फ्रॉम बॉम्बे."

"शी विल बी ग्लॅड दॅट यू कॉल्ड," मुलगी म्हणाली.

वाक्य बरोबर होतं, आणि त्या दॅटपुढे मी होते. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर तसंच खोलीत बसवेना, म्हणून पिशवी घेतली आणि खाली उतरून चर्नी रोडच्या बाजूला चालत गेले. रविवार होता, बहुतेक दुकानांची शटर्स खाली होती.