मेलेलं हाड आणि पालथं ताट

माणूस जिवंत असताना त्याचं एखादं हाड आधीच मरू शकतं, हे पुढच्या इयत्तांत शिकवत असतील. मी चौथीतच शाळा सोडली आणि साताऱ्याकडून मुंबईला गिरणीत आलो.

जिभेखालच्या कॅन्सरच्या गाठीवर परळच्या इस्पितळात विजेचा शेक घेतला. गाठ गेली. वर्षाने त्याच बाजूची दाढ ठणकायला लागली. इस्पितळात जायचं म्हणजे कामावर खाडा. त्यापेक्षा लालबागच्या फूटपाथवर पक्कड घेऊन बसणारा बरा, एवढी अक्कल मला होतीच. दाढ दोन मिनिटांत निघाली. खड्डा मात्र महिनोन्‌महिने भरेना. आत उघडं हाड दिसू लागलं, गालातून पू.

"शेक घेतलेल्या हाडाला रक्त कमी पोचतं. दाढ काढण्याआधी विचारायचं नाही?" सर्जनसाहेब म्हणाले.

"विचारणारच होतो साहेब. ती आधीच निघाली."

ते हसले नाहीत. डाव्या जबड्याचं मेलेलं हाड कापून काढलं. त्यांचे उपकारच, हाड गेलं, माणूस ठेवला.

मला खरा घोर खानावळीतल्या जागेचा होता. डिलाईल रोडला मावशीच्या खोलीत आम्ही गाववाले जेवायचो. भिंतीकडेची जागा मिळायची तर कुणाला तरी गावी जावं लागे, नाहीतर वर. माझ्या जागेवर तिघांचा डोळा होता. आणि भाकरी न चावणारा मेंबर ठेवतो कोण?

दीड महिना नाकातल्या नळीने दूध घेतलं. खिडकीखालून मोर्चे जात. अख्खं गिरणगाव संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा फोडत होतं. मला जांभईचीही बंदी. महाराष्ट्रासाठी इतका गप्प दुसरा कुणी बसला नसेल.

सुटलो तसा गालाला रुमाल लावून खानावळीच्या दारात उभा राहिलो. पंगत बसलेली. माझ्या जागेवर ताट पालथं, कुणी मेलं की घालतात तसं.

"कोण गेलं?" मी बोबडं विचारलं.

"तुझंच हाय ते, मुडद्या," मावशी म्हणाली. "रोज पालथं घालती. न्हायतर ही गिधाडं बसत्यात."

"अर्धा जबडा कुठं ठेवलास रं?" शेजारच्याने विचारलं.

"इस्पितळाला आवडला. दिला."

मावशीने ताट सुलटं केलं. मग भाकरी पाट्यावर वाटून आमटीत कालवली. घास ओठातून ओघळणार, हे मला ठाऊक होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

"हिकडं तोंड कर. भिंतीला वाढत न्हाय मी."

मी वळलो आणि रुमाल काढला.