मांडीवरचा थर्मास

जालन्याहून भोकरदनला जाणाऱ्या बसमध्ये, भर उन्हाळ्यात, तो माझ्या शेजारी बसला होता. तिशीतला गडी, हातांवर लोखंडाच्या ठिणग्यांचे डाग. मांडीवरच्या थर्मासचं झाकण तो सारखं किंचित उघडायचा, आत बोट घालून बघायचा आणि घाईने बंद करायचा.

"मावशी, भोकरदनच्या पुढं, आमच्या गावाला धावड्यापर्यंत बर्फ टिकंल का?" त्याने विचारलं. "आत इंजेक्शनं हायेत. गरम झाली की वाया."

"बायकोसाठी का?"

त्याने मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्यासाठी. मेंदूतून जे हार्मोन सुटाया पाहिजेत, ते माझ्यात सुटतच न्हाईत. डॉक्टर म्हणले, बाईच्या पाळीला जे लागतात, तेच गड्याचं बीज तयार व्हायला लागतात. बायकोचं सगळं बराबर हाय. पण मूल व्हईना म्हणून आई तिलाच बोल लावून राह्यली."

तेवढ्यात आईचाच फोन आला. सुनेला माहेरी धाडायचं ती म्हणत होती, ते मलाही ऐकू येत होतं. तो नुसता हं हं करत राहिला. मग एकदम म्हणाला, "आई, दवाखाना तिचा न्हाई, माझा चालू हाय."

पलीकडे आईचा आवाज एकदम खाली आला.

"आणखी कुणाला सांगितलं?" आईने विचारलं.

"बसमधी एका मावशीला."

"कोणत्या गावची हाय ती?"

त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी 'नको सांगू' अशी मान हलवली.

"ठाव न्हाई," तो म्हणाला.

भोकरदनला उतरताना मीही त्याचं नाव विचारलं नाही.