न पिणाऱ्याच्या नावावर

वकिलाने माझं तोंड हुंगलं.

"फूंक मार," तो म्हणाला. मी तोंड मिटूनच नाकातून श्वास सोडला. "अरे, मुंह खोल के मार." मी फुंकलं. त्याने नाक जवळ आणलं, दोनदा हुंगलं आणि सोफ्यावर बसलेल्या माझ्या साहेबाला म्हणाला, "एकदम साफ है. काम हो जाएगा."

साहेब हसला. डोळे लाल, हातात लिंबूपाण्याचा ग्लास. "मैंने बोला था ना? ये लोग तो सुबह से चढ़ा लेते हैं. पर मेरावाला नहीं पीता."

मेरावाला. बैल विकत घेताना दात बघतात, तसं माझं तोंड बघितलं. बेचाळीस वर्षांचा माणूस मी. घरी कॉलेजात जाणारी पोरगी आहे.

तासाभरापूर्वीची गोष्ट. साहेबाची भनपुरीत ट्रान्सपोर्ट कंपनी. मी त्याच्या घरच्या गाडीवर अकरा वर्षं. एका साखरपुड्याचं दुपारचं जेवण आटोपून तो बाहेर आला तेव्हाच झुलत होता. माझ्या हातातून चावी ओढली. "हट, मैं चलाऊंगा." मी नको म्हणालो तर आईवरून शिवी दिली. मी बाजूला बसलो. पंडरीच्या बाजारात कपड्याचे गठ्ठे सायकलवरून नेणारा एक म्हातारा त्याने उडवला. म्हाताऱ्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

साहेब उतरून मागे जाऊन उभा राहिला. मी म्हाताऱ्याला उचलायला धावलो. माझ्या अंगावर ड्रायव्हरचा पांढरा ड्रेस. लोकांनी मलाच धरलं. दोन थपडा बसल्या. साहेबाने बघितलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. मी म्हाताऱ्याला ऑटोत घालून दवाखान्यात पाठवलं. साहेब मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "तात्यापारा चल." तिथे हा वकील.

वकील समजावून सांगू लागला. पोराला शिकवावं तसं, बोटांवर मोजत. साहेबाने चालवली म्हटलं तर पिऊन चालवल्याचं वेगळं कलम लागेल, जेल होऊ शकते, विमा कंपनी हात वर करेल. तू चालवली म्हटलं तर फक्त निष्काळजीपणा. पोलीस थाण्यातूनच जामीन. मशीनमध्ये फुंकशील, शून्य येईल. कोणाला संशय येणार नाही. मग साहेबाला म्हणाला, "आप आज घर से निकलना मत, फोन मत उठाना. कल तक सब उतर जाएगा, फिर खून में कुछ नहीं मिलेगा."

कायदा असा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मशीन असतं, रक्ताची तपासणी असते, ती वेळेत व्हावी लागते. किती सोपं. मग माझ्या भावाच्या वेळी हे कोणी का नाही सांगितलं?

धाकटा भाऊ एकदा खोकल्याचं औषध पिऊन ड्यूटीवरून गाडी चालवत येत होता. चौकात अडवलं. मशीनने काहीतरी आकडा दाखवला. वस्तीचं नाव ऐकलं आणि शिपाई म्हणाला, "तुम्हारे यहां तो सब पीते हैं." रक्त तपासा, असं म्हणता येतं हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. कोर्टात मीच त्याच्या कानात म्हणालो, "हव म्हणून टाक. घरी जाऊ." तो हव म्हणाला, म्हणजे गुन्हा कबूल झाला. लायसन्स अडकलं, प्लांटमध्ये ठेकेदाराची गाडी चालवायचं काम गेलं. आमच्या बापाने विहारात पाचवं शील घेतलं त्या दिवसापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही. त्या घरातला पोरगा सरकारी कागदावर दारुडा झाला, आणि तो मी केला. याची लाज मला आजही वाटते.

"थाण्यात जाण्याआधी घरी एक फोन करतो," म्हणून मी जिन्यात आलो. बायकोला सगळं सांगितलं. नोकरी वाचेल, साहेब सगळं बघून घेईल, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "गाडी तुम्ही चालवून राहिले होते का?"

"नाही."

"मंग?"

मी वकिलाच्या दाराकडे बघितलं.

"मंग काहून आपलं नाव देता? त्या बुढ्याच्या पायाले कोण जबाब देईन? पोट्टीले काय सांगू, बापाने माणूस उडवला म्हणून?"

वकिलाने साहेबाला घरी पाठवलं आणि आपला मुन्शी माझ्यासोबत धाडला. वाटेत तो वाक्यं पाठ करून घेत होता. सायकल अचानक आडवी आली, ब्रेक मारला, लागला नाही. मी मान हलवत होतो.

थाण्यात मशीन पुढे आलं. मी फुंकलं. शून्य. हवालदाराने कागद ओढला. "गाडी तू चला रहा था?"

"नाही. साहेब चालवत होते. मी बाजूला बसलो होतो. ते प्यायलेले आहेत. आत्ता घरी आहेत. त्यांचं रक्त आजच घ्या. माझंही घ्या."

मराठीतच बोललो. हिंदी आठवलीच नाही. मुन्शीचं तोंड पडलं. हवालदार म्हणाला, "सोच ले. नौकरी जाएगी." मग मी हिंदीत पुन्हा सांगितलं, सावकाश, शब्द न शब्द. लिहून घ्या म्हणालो. तो टाळत राहिला. बाहेर जा म्हणाला, मी गेलो नाही. टेबलासमोर उभा राहिलो. शेवटी त्याने लिहिलं. मी वाचून सही केली. उजेड होता तोवर पोलिसांनी साहेबाला घरातून आणून रक्त घ्यायला दवाखान्यात नेलं.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. भनपुरीत आता मला कोणी गाडी देत नाही. नमकहराम म्हणतात. ज्यांच्या पोरांना मी शाळेत सोडलं, तेही म्हणतात. एवढी वर्षं मीठ त्यांचं खाल्लं की माझ्या घामाचं, हे कोणी विचारत नाही. रात्री कधीकधी भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

परवा कोर्टाच्या व्हरांड्यात वकील भेटला. गोड बोलला. "गवाही में मैं सवाल पूछूंगा ना, तो टूट जाओगे. अभी भी टाइम है."

पूछो, म्हणालो मी. दिवसभर पूछो.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. भावालाही सोबत नेणार आहे, त्याच्या केसचे कागद घेऊन. ते पुन्हा उघडता येतात का, हे तिथेच कोणाला तरी विचारणार. नाही म्हणाले तर दुसऱ्याला विचारणार. आणि पिंजऱ्यात उभं राहून एवढंच सांगणार: गाडी साहेब चालवत होता, दारू तो प्यायला होता, आणि म्हाताऱ्याचा पाय त्याने मोडला.