बांगडीचं माप

डोकेदुखीसाठी तीन वर्षं माझ्याकडे येणाऱ्या बाईंनी नाडी पाहायला हात पुढे केला. आज हातात बांगड्या नव्हत्या. मी जपूनच विचारलं.

त्या हसल्या. "चढतच नाहीत, डॉक्टर. कासारीण म्हणते, सव्वादोनचा हात अडीचच्याही पुढे गेलाय."

पन्नाशीत वाढणारा हात! अंगठीचं विचारलं, चपलांचं विचारलं. सगळंच लहान झालं होतं. मेंदूखालच्या बारीकशा गाठीने असं होतं, हे शिकलो होतो. असा रोगी कधी आला नाही, असंच आजवर सांगत होतो.

तपासणीची चिठ्ठी लिहिली. कासारीण आधी हात हातात घेते, बोटं चाचपते, मग माप ठरवते. तोच हात धरून मी दर वेळी घड्याळाकडे पाहत होतो.